गोंडघर फाटा ते गिरगाव चौपाटी

दहशतवादाचा इतिहास आपल्याकडे बहुधा स्फोटाच्या क्षणापासून सुरू होतो. तारीख, वेळ, ठिकाण, मृतांची संख्या. मग तपास, आरोपपत्र, खटला आणि शिक्षा. कटाच्या बाजूने लिहिणारे दुबई, कराची अशा दूरच्या शहरांची नावे घेतात. या दोन टोकांच्या मध्ये मात्र एक मोठा प्रदेश राहून जातो. परदेशातून निघालेले शस्त्र शहरात वापरले जाण्यापूर्वी कोणत्या तरी खाडीत उतरते, कोणत्या तरी फाट्यावरून वळते, कोणत्या तरी पोलीस ठाण्याच्या हद्दीत काही काळ पडून राहते. तेथे कोणी तरी ते पाहिलेले असते. निदान पाहण्याची संधी तरी कोणाला मिळालेली असते. हा मधला प्रदेश स्थानिक पोलिसाचा आहे. १९९३ ते २००८ या पंधरा-सोळा वर्षांतील महाराष्ट्राचा अनुभव समोर ठेवून प्रस्तुत लेखात आम्ही या प्रदेशाकडे पाहणार आहोत.

आरंभीच एक अडचण नमूद केली पाहिजे. टळलेल्या स्फोटाला तारीख नसते. जे घडलेच नाही त्याचे दप्तर राहत नाही, त्याचे स्मारक उभे राहत नाही. त्यामुळे प्रतिबंधाचा इतिहास हा बराचसा अपयशांच्या नोंदींतूनच वाचावा लागतो: कोठे दार उघडे राहिले हे पाहून ते कोणी व कसे लावायला हवे होते याचा अंदाज बांधावा लागतो. आम्हीही तेच करणार आहोत.

आम्ही भाषेचे अध्यापक असल्यामुळे आमची वाट शब्दांपासून सुरू होते. ‘ठाणे’ हा शब्द ‘स्थान’पासून आला. एका जागी टिकून राहणे, त्या जागेची ओळख असणे, हा त्याचा मूळ भाव आहे. ‘हवालदार’ म्हणजे ज्याच्या हवाली काही केले आहे तो, विश्वासाने सोपवलेल्या गोष्टीचा राखणदार. ‘जागल्या’ म्हणजे गाव झोपलेले असताना जागणारा. जुन्या मराठी गावगाड्यात वेशीवर वेसकर असे, रात्रीच्या राखणीला जागल्या असे, आणि अनेक गावांत रखवालीचे काम रामोशी किंवा बेरड यांच्याकडे असे. चोरी झाली की चोराचा माग काढीत शेजारच्या गावाच्या शिवेपर्यंत जायचे आणि तेथे तो माग त्या गावाच्या राखणदाराच्या स्वाधीन करायचा, अशी रीत होती. माग स्वतःच्याच शिवेत थांबला तर भरपाईची जबाबदारी राखणदारावर किंवा गावावर येई. या व्यवस्थेचे गुणगान करण्याचा आमचा हेतू नाही. गावाच्या सुरक्षिततेचा भार ज्यांच्या खांद्यावर होता त्यांनाच जातिव्यवस्थेने वेशीबाहेर ठेवले होते. परंतु तिच्यातील एक सूत्र महत्त्वाचे होते. गावात नवा माणूस कोण आला, कोणाच्या अंगणात अवेळी गाडी थांबली, हे ज्याला ठाऊक असे त्याच्याकडेच राखणीची जबाबदारी असे.

इंग्रजी राजवटीने हे सूत्र मोडले. १८५७च्या उठावानंतर आलेला १८६१चा पोलीस कायदा आयर्लंडमधील पोलीस दलाच्या धर्तीवर बेतलेला होता आणि जनतेवर वचक ठेवणे हे त्याचे उद्दिष्ट होते. मुंबई इलाख्याला १८६७चा ग्राम पोलीस कायदा, १८९०चा जिल्हा पोलीस कायदा असे स्वतंत्र कायदे होते, तरी वृत्ती तीच राहिली. पाटील सरकारच्या कागदात शिरला. गावची माहिती वर पाठवणे हे त्याचे काम ठरले, पण वरून गावाकडे येणारे काही उरले नाही. त्याहून दुर्दैवी गोष्ट पुढे घडली. १८७१मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा आला, पुढे तो मुंबई इलाख्यातही लागू झाला, आणि जे पिढ्यान्‌पिढ्या राखणदार होते त्या समाजांतील माणसांवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का बसला. राज्यसंस्थेने आपलेच कान संशयित म्हणून नोंदवहीत लिहून टाकले. स्वातंत्र्यानंतर १९६७च्या महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियमाने पोलीस पाटलाचे पद वंशपरंपरेतून सोडवून नव्या पायावर उभे केले; परंतु माहितीचा प्रवाह एकाच दिशेने वाहण्याची जुनी सवय सुटली, असे म्हणवत नाही.

ही पार्श्वभूमी ध्यानात ठेवून आता १९९३कडे वळू.

१२ मार्च १९९३, शुक्रवार. दुपारी दीडच्या सुमारास मुंबई शेअर बाजाराच्या इमारतीत पहिला स्फोट झाला आणि पुढच्या सुमारे दोन तासांत शहरात ठिकठिकाणी स्फोट होत गेले. २५७ माणसे मृत्युमुखी पडली, सातशेहून अधिक जखमी झाली. या घटनेचा इतिहास येथून सुरू होतो असे आपण मानतो. आमच्या मते तो त्याआधी दोन महिने, रायगड जिल्ह्याच्या दक्षिण भागात गोंडघर फाटा नावाच्या ठिकाणी सुरू होतो.

९ जानेवारी १९९३च्या रात्री दिघीच्या धक्क्यावर तस्करीचा माल उतरला. त्यात चांदी होती, आणि शस्त्रे व दारूगोळाही होता, असे पुढे खटल्यात निष्पन्न झाले. माल वाहून नेणाऱ्या गाड्या निघाल्या आणि गोंडघर फाट्यावर श्रीवर्धन पोलीस ठाण्याच्या पथकाने त्या अडवल्या. येथे थोडे थांबावे. गुप्त वार्ता नव्हती, साधने नव्हती, पोलीस झोपले होते, यांतील एकही सबब या प्रसंगाला लागू पडत नाही. उपनिरीक्षक आणि शिपाई योग्य रात्री, योग्य फाट्यावर, योग्य गाड्यांसमोर उभे होते. नंतर वाटाघाट झाली, लाच ठरली, आणि सगळी रक्कम हाताशी नसल्याने चांदीच्या विटा तारण म्हणून ठेवून गाड्या पुढे गेल्या. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात शेखाडीच्या किनाऱ्यावर आरडीएक्स आणि शस्त्रे उतरली, तेव्हा कस्टम्सच्या काही अधिकाऱ्यांचीही अशीच साथ होती. टाडा न्यायालयाने या प्रकरणी उपनिरीक्षकाला जन्मठेप ठोठावली. इतर पोलीस कर्मचारी व कस्टम्सचे अधिकारीही दोषी ठरले. सर्वोच्च न्यायालयाचा अंतिम निकाल २१ मार्च २०१३ रोजी लागला, म्हणजे त्या रात्रीनंतर वीस वर्षांनी.

ज्यांनी गाड्या सोडल्या त्यांना मुंबईत माणसे मारायची होती, असे समजण्याचे कारण नाही. आम्हाला या प्रसंगातील खरी भीती तेथेच जाणवते. कोकण किनाऱ्यावर सोने, चांदी, घड्याळे, कापड यांची चोरटी आयात कित्येक वर्षे चालत आली होती आणि तिच्याभोवती हप्त्यांची एक स्थिर व्यवस्था तयार झाली होती. नेहमीचाच माल, नेहमीचाच दर. लाच घेणाऱ्या हाताला पोत्यात काय आहे हे विचारण्याची सवय उरलेली नसते. किंबहुना न विचारणे हाच त्या व्यवहाराचा मुख्य भाग असतो. चांदीसाठी उघडलेल्या वाटेने एका रात्री बंदुका आल्या, मग आरडीएक्स आले, आणि वाट तीच राहिली. दहशतवादाला स्थानिक पातळीवर वेगळे दार लागत नाही. भ्रष्टाचाराने आधीच उघडे ठेवलेले दार त्याला पुरते.

दुसरा प्रसंग मुंबईतील आहे. स्फोटांच्या तीनच दिवस आधी, दंगलीच्या गुन्ह्यात हवा असलेला एक तरुण नागपाडा पोलिसांच्या हाती लागला. पाकिस्तानात घेतलेले प्रशिक्षण आणि शहरात स्फोट घडवण्याचा बेत याविषयी त्याने सांगितले, पण ते गांभीर्याने घेतले गेले नाही, असा वृत्तांत पत्रकार एस. हुसेन झैदी यांनी ‘ब्लॅक फ्रायडे’ या पुस्तकात दिला आहे. डिसेंबर-जानेवारीच्या दंगलींनी थकलेल्या ठाण्याला ते कथन अतिरंजित वाटले असेल तर ते समजण्यासारखे आहे. मात्र ऐकलेल्या गोष्टीचे मोल ठरवणारा माणूस त्या ठाण्यात असायला हवा होता, आणि खालच्या पायरीवर ऐकलेले वरच्या पायरीपर्यंत त्वरित पोचवणारी वाट असायला हवी होती. गोंडघरला माहिती विकली गेली. नागपाड्याला ती ऐकूनही अनाथ राहिली.

याच पोलीस दलाची क्षमता किती होती, हे त्याच दिवशी संध्याकाळी दिसून आले. वरळीला सीमेन्स कंपनीच्या कारखान्याजवळ एक बेवारस मारुती व्हॅन सापडली. तिच्यात बंदुका आणि हातबॉम्ब होते. गाडीच्या नोंदणीवरून मालकाचे नाव, नावावरून माहीममधील इमारत, आणि तेथून साऱ्या कटाचा धागा काही तासांत पोलिसांच्या हाती आला. पुढचा मोठा तपास ज्या पायावर उभा राहिला तो पाया म्हणजे बेवारस वाहन तपासण्याचे आणि नोंदणीचा कागद काढण्याचे हे अगदी नित्याचे काम. स्फोटानंतर जे काही तासांत जमले त्याची सामग्री स्फोटापूर्वीही याच दलापाशी होती.

याच काळात मुंबईपासून फार दूर नसलेल्या एका गावात वेगळे काही घडत होते. भिवंडीने १९७० आणि १९८४ या वर्षी भीषण दंगली पाहिल्या होत्या. डिसेंबर १९९२मध्ये मुंबई पेटली तेव्हा भिवंडीही पेटणार असेच सर्वांना वाटले. ती पेटली नाही. त्याचे बरेच श्रेय तेथे १९८८पासून पोलीस उपायुक्त असलेल्या सुरेश खोपडे यांनी उभारलेल्या मोहल्ला समित्यांना दिले जाते. वस्तीवस्तीतील हिंदू आणि मुसलमान नियमितपणे एकत्र बसत, आणि ठाण्यातला कनिष्ठ कर्मचारीही त्यांच्यात बसे. नळाचे भांडण, गल्लीतली मारामारी, भाडेकरूची तक्रार असे क्षुल्लक विषय तेथे निघत. परंतु त्यातून पोलीस शिपायाला वस्तीतल्या माणसांची नावे कळत आणि वस्तीला त्याचे नाव कळे. अफवा उठली की ती खरी की खोटी हे विचारायला दोन्हीकडे माणूस असे. १९९३नंतर मुंबईतही तत्कालीन पोलीस आयुक्त सतीश सहानी, निवृत्त पोलीस अधिकारी ज्युलिओ रिबेरो आणि काही नागरिक यांच्या पुढाकाराने मोहल्ला समिती चळवळ उभी राहिली.

दंगल आणि दहशतवाद या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे आम्ही जाणतो. पण दोन्हींच्या प्रतिबंधाला लागणारे भांडवल एकच आहे, ते म्हणजे वस्तीचा विश्वास. ते एकदा मिळवले म्हणून कायमचे राहत नाही, हेही भिवंडीनेच दाखवून दिले. जुलै २००६मध्ये तेथेच पोलीस ठाण्याच्या बांधकामावरून वाद पेटला, पोलिसांच्या गोळीबारात माणसे दगावली आणि जमावाने दोन पोलीस शिपायांना ठार केले. समितीची कागदावरची यादी टिकून राहते, पण तिच्यात बसणारा माणूस बदलला आणि बसण्याची सवय मोडली की नाते पुन्हा पहिल्यापासून जोडावे लागते.

विश्वास कसा गमावला जातो याचे सर्वांत बोलके उदाहरण मालेगावचे. ८ सप्टेंबर २००६ रोजी, शब-ए-बारातच्या दिवशी, मालेगावात हमीदिया मशीद व बडा कब्रस्तानच्या परिसरात आणि जवळच्या चौकात स्फोट झाले. मृतांत बहुसंख्य मुसलमान होते, आणि पुढे ज्यांना आरोपी करण्यात आले तेही नऊ मुसलमान होते. त्यांनी तुरुंगात वर्षे काढली. २०११मध्ये जामीन मिळाला आणि २५ एप्रिल २०१६ रोजी मुंबईच्या विशेष न्यायालयाने त्यांना दोषमुक्त केले. या दहा वर्षांत त्या नऊ कुटुंबांचे जे झाले त्याचा हिशेब कोणत्याही अहवालात मांडता येणार नाही. येथे आम्ही फक्त त्याच्या एका परिणामाकडे लक्ष वेधू इच्छितो. ज्या मोहल्ल्यातून संशयाची पहिली कुजबुज ठाण्यापर्यंत यायला हवी, त्या मोहल्ल्याला ठाण्याची पायरी चढण्याचीच धास्ती बसली, तर पुढचा माग कोण काढणार? १८७१च्या कायद्याने रामोशी-बेरडांच्या बाबतीत केलेली चूक आणि ही चूक यांची जात एकच आहे. संपूर्ण समूहाला संशयित ठरवणारी यंत्रणा आपले डोळे वाढवत नाही; ती आपले कान कापून घेते.

मराठीत ‘खबर’ आणि ‘पाळत’ असे दोन शब्द आहेत. खबर दिली जाते. पाळत ठेवली जाते. पहिल्या क्रियेत देणारा नागरिक असतो आणि दुसरीत त्याला कल्पनाही नसते. दहशतवादाचा मुकाबला म्हटला की सरकारांना पाळतीची साधने सुचतात, कारण ती विकत घेता येतात. खबर विकत घेता येत नाही. पैसे देऊन पोसलेले खबरे असतात, नाही असे नाही. पण आपल्या गल्लीत काही विपरीत दिसले म्हणून आपण होऊन ठाण्यात जाणारा माणूस केवळ एका भरवशावर जातो. आपले ऐकले जाईल, आणि आपल्यालाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले जाणार नाही, हा तो भरवसा.

२६ नोव्हेंबर २००८च्या रात्री या सर्व धाग्यांची पुन्हा एकदा परीक्षा झाली. ‘कुबेर’ ही भारतीय मच्छीमार नौका बळकावून दहा हल्लेखोर मुंबईजवळ आले आणि रबरी होडीतून कफ परेडच्या मच्छीमार नगरात उतरले. त्यांना पहिल्यांदा पाहिले ते कोळीवाड्यातल्या माणसांनी. पाठीवर जड पिशव्या घेतलेले हे तरुण आपल्यातले नाहीत हे तेथे लगेच ओळखले गेले, विचारपूसही झाली, आणि तिला उडवाउडवीची उत्तरे मिळाली. त्यानंतर साधारण तासाभराने लिओपोल्ड कॅफे आणि छत्रपती शिवाजी टर्मिनस येथे गोळीबार सुरू झाला. वस्तीने पाहिलेले आणि नियंत्रण कक्षाला उमगलेले यांच्यातले ते अंतर होते. कोळीवाड्याचा डोळा जुन्या वेसकराचाच डोळा होता. वेशीपासून चावडीपर्यंतची वाट मात्र मधल्या काळात बुजून गेली होती.

पुढची कथा सर्वांना ठाऊक आहे. रेल्वे पोलिसांचे निरीक्षक शशांक शिंदे टर्मिनसवर पडले. कामा रुग्णालयाजवळच्या गल्लीत हेमंत करकरे, अशोक कामटे आणि विजय साळसकर पडले. मध्यरात्र उलटल्यावर गिरगाव चौपाटीवर डी. बी. मार्ग पोलीस ठाण्याच्या पथकाने नाकाबंदी केली होती. पळवलेल्या स्कोडा गाडीचे वर्णन बिनतारी यंत्रणेवरून आले होते. गाडी आली, वळण्याच्या प्रयत्नात दुभाजकावर अडकली, चकमकीत एक हल्लेखोर ठार झाला. दुसऱ्याच्या बंदुकीची नळी सहायक फौजदार तुकाराम ओंबळे यांनी दोन्ही हातांनी धरली आणि गोळ्या अंगावर झेलत सोडली नाही. सातारा जिल्ह्यातल्या जावळी तालुक्यातील केडंबे हे त्यांचे गाव. त्यांच्या हाती होती ती लाठी. अजमल कसाब जिवंत सापडला, आणि म्हणूनच कट कोठे रचला गेला हे जगापुढे पुराव्यानिशी मांडता आले. ओंबळे यांना २००९मध्ये मरणोत्तर अशोकचक्र देण्यात आले.

या पराक्रमापुढे आम्ही नतमस्तक आहोत. परंतु नतमस्तक होण्याने एक प्रश्न झाकला जातो, तो विचारलाच पाहिजे. गोंडघर फाटा आणि गिरगाव चौपाटी यांची रचना विलक्षण सारखी आहे. दोन्हीकडे रात्र आहे, रस्ता अडवलेला आहे, समोर गाडी आहे, गाडीत शस्त्रे आहेत, आणि राज्यसंस्थेच्या वतीने उभी असलेली माणसे खालच्या हुद्द्यांवरची आहेत. एका ठिकाणी गाडी सोडली गेली आणि दुसऱ्या ठिकाणी प्राण देऊन अडवली गेली. हा फरक माणसामाणसांतला आहे, हे खरे. पण ज्या व्यवस्थेत एवढा मोठा फरक केवळ माणसावर सोडलेला असतो ती व्यवस्था हवालदाराच्या सद्‌गुणावर जुगार खेळत असते. जिंकली तर त्याचा पुतळा उभारते, हरली तर त्याला तुरुंगात पाठवते, आणि दोन्ही वेळा स्वतः मोकळी राहते.

हल्ल्यानंतर राज्य सरकारने राम प्रधान आणि व्ही. बालचंद्रन यांची समिती नेमली. तिने वरिष्ठ पातळीवरील नेतृत्वातील आणि ठरलेल्या कार्यपद्धतीच्या पालनातील उणिवांवर बोट ठेवले. राष्ट्रीय तपास यंत्रणा स्थापन झाली, राष्ट्रीय सुरक्षा रक्षक दलाचा तळ मुंबईत आला, महाराष्ट्राचे ‘फोर्स वन’ उभे राहिले, सागरी सुरक्षेची पुनर्रचना झाली, पुढे शहरभर कॅमेरे बसले. हे सर्व आवश्यक होते. पण यांतील बहुतेक साधने हल्ला सुरू झाल्यावर किंवा संपल्यावर कामाला येतात. हल्ल्यापूर्वीचा काळ अजूनही ठाण्याचाच आहे. त्या ठाण्यातला शिपाई बंदोबस्त, मिरवणुका, मंत्र्यांचे दौरे आणि न्यायालयाच्या तारखा यांत दिवस घालवतो, तेव्हा त्याच्या बीटमधली माणसे त्याला अनोळखी होत जातात. प्रकाश सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २२ सप्टेंबर २००६ रोजी पोलीस सुधारणांचे आदेश दिले. बदल्या राजकीय मर्जीवर होऊ नयेत, तपास आणि बंदोबस्त यांची कामे वेगळी करावीत, हे त्यांतील महत्त्वाचे मुद्दे. बीट ओळखायला लागणारा वेळ आणि लाच नाकारायला लागणारे अभय, या दोन्हींचा संबंध या आदेशांशी सरळ पोचतो.

शाळेच्या पुस्तकात महाराष्ट्राचा किनारा ७२० किलोमीटरचा सांगितलेला असे. एवढ्या किनाऱ्यावर दर फाट्याला विशेष दल उभे करणे कोणत्याही सरकारला शक्य नाही. तेथे उभी असणारी माणसे कोळीवाड्यातली, गावातली आणि जवळच्या ठाण्यातलीच असणार. त्यांच्यात बोलणे होते का, झालेले बोलणे वर पोचते का, आणि पोचवणाऱ्याला संरक्षण मिळते का, हे तीन प्रश्न कोणत्याही नव्या शस्त्राच्या खरेदीइतकेच तातडीने विचारायला हवेत. राखणदाराच्या हवाली आपण काय केले आहे, हे ‘हवालदार’ या शब्दानेच आपल्याला सांगून ठेवले आहे. ते हवाली करताना त्याच्या पाठीशी आपण काय ठेवले, याचे उत्तर समाज आणि शासन या दोघांनाही द्यायचे आहे.